विभाग कोणता, वर्ष कोणते? : हौशी चित्रपट-पुरस्कारांविषयी वाचकांचे प्रश्न

वर्ष संपत आले की मित्रमंडळींत, फिल्म सोसायट्यांत आणि परदेशातील महाराष्ट्र मंडळांतसुद्धा आपापले चित्रपट-पुरस्कार देण्याची लगबग सुरू होते. या पुरस्कारांत मानचिन्ह नसते, मानधनही नसते. वाद मात्र भरपूर असतो, आणि तो चित्रपट चांगला की वाईट यापेक्षा तो कोणत्या विभागात आणि कोणत्या वर्षात बसतो यावरच अधिक होतो. या महिन्यात आलेल्या पत्रांतील असे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही पंधरा-वीस चित्रपटप्रेमी दरवर्षी इंग्रजी व भारतीय चित्रपटांना आमचे पुरस्कार देतो. यंदा एका अभिनेत्रीचे नामांकन मुख्य भूमिकेत धरावे की सहायक, यावर इतके वाजले की दोघांनी मतपत्रिका परत केल्या. एका गटाचे म्हणणे असे, की ऑस्करमध्ये ज्या विभागात नाव आले तोच आपणही मानावा. दुसरा गट म्हणतो, की पडद्यावरील मिनिटे मोजावीत. आपले मत काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पहिल्या गटाचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही आणि दुसऱ्या गटाचे अर्धेच मान्य आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीची मतपत्रिका कलाकाराला एखाद्या विभागात आधीच बांधून देत नाही. मतदार त्याचे नाव मुख्य किंवा सहायक यांपैकी कोठेही लिहू शकतो, आणि ज्या विभागात आवश्यक मते आधी पूर्ण होतात तेथे ते नामांकन जाते. व्यवहारात मात्र स्टुडिओ आपल्या जाहिरातींतून जो विभाग सुचवतो त्यामागे बहुतेक मतदार जातात, आणि स्टुडिओचा हिशेब अभिनयाचा नसतो. एकाच चित्रपटातील दोघांनी एकमेकांची मते खाऊ नयेत आणि लढत सोपी असेल तेथे आपला माणूस उभा राहावा, एवढेच तो पाहतो. पक्षाने उमेदवारासाठी सुरक्षित मतदारसंघ शोधावा, तसाच हा प्रकार आहे. आपल्या मंडळाचे कोणत्याही स्टुडिओशी देणेघेणे नसताना त्याची ही सोय आपण का पाळावी?

सहायक भूमिकेचे विभाग ऑस्करमध्ये 1936 सालच्या चित्रपटांपासून आले, आणि सुरुवातीची काही वर्षे त्यातील विजेत्यांना पुतळा न देता केवळ एक फलक दिला जाई. म्हणजे हा विभाग दुय्यम आहे, ही समजूत अगदी पहिल्या दिवसापासूनची. 1944 च्या ‘गोइंग माय वे’ या चित्रपटातील एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झजेराल्ड यांना मुख्य आणि सहायक अशा दोन्ही विभागांत नामांकन मिळाले. सहायक विभागात ते जिंकले, तर मुख्य भूमिकेचा पुरस्कार त्याच चित्रपटातील बिंग क्रॉस्बी यांना मिळाला. या विचित्र प्रकारानंतर अकादमीने नियम बदलला आणि एका भूमिकेला एकाच विभागात जागा राहिली.

तरीही गोंधळ संपला नाही. ‘द रीडर’मधील केट विन्स्लेट यांच्या भूमिकेचा प्रचार सहायक म्हणून झाला होता. जानेवारी 2009 मध्ये गोल्डन ग्लोब या दुसऱ्या अमेरिकी पुरस्काराने तो स्वीकारून त्यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला, तर पुढच्याच महिन्यात अकादमीने त्याच भूमिकेसाठी त्यांना मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. याहून मजेशीर प्रकार 2021 च्या सोहळ्यात घडला. ‘जूडस अँड द ब्लॅक मसाया’ या चित्रपटाच्या नावातच दोन माणसे आहेत, आणि ती दोन्ही माणसे साकारणारे लकीथ स्टॅनफील्ड आणि डॅनिएल कलूया हे दोघेही सहायक अभिनेत्याच्या विभागात आले. स्टुडिओने स्टॅनफील्ड यांचे नाव मुख्य भूमिकेसाठी पुढे केले होते, मतदारांनी ते सहायकमध्ये लिहिले. मग हे दोघे नक्की कोणाला साहाय्य करीत होते, असे चित्रपटप्रेमींनी विचारले, आणि त्या प्रश्नाला आजही उत्तर नाही.

आता मिनिटांकडे वळू. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये अँथनी हॉपकिन्स पडद्यावर किती वेळ आहेत याची गणना सोळा मिनिटांपासून पंचवीस मिनिटांपर्यंत वेगवेगळी सांगितली जाते, कारण ते चौकटीत नसताना केवळ आवाज ऐकू येतो तो वेळ धरायचा की नाही, हे प्रत्येक मोजणारा स्वतःच ठरवतो. कशीही मोजणी केली तरी ती जवळजवळ दोन तासांच्या चित्रपटाचा लहानसाच भाग राहते, आणि पुरस्कार मात्र मुख्य अभिनेत्याचा मिळाला. उलट 1973 च्या ‘पेपर मून’मध्ये टॅटम ओनील तासाभराहून अधिक काळ पडद्यावर आहे, चित्रपट तिच्याच खांद्यावर उभा आहे, तरी दहाव्या वर्षी तिला मिळालेला पुरस्कार सहायक अभिनेत्रीचा होता. त्यामागे तिचे वय आणि चित्रपटात मुख्य नट म्हणून तिचे वडील असणे ही दोन्ही कारणे होती, हे उघड आहे. दुसऱ्या उदाहरणात मिनिटे न्यायाच्या बाजूने बोलतात, पहिल्यात त्यांच्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून मी त्यांना पुरावा मानतो, निकाल मानत नाही.

मग पाहायचे काय? माझ्या मते असे पाहावे, की कथेला वळण देणारे निर्णय कोणाचे आहेत आणि त्या निर्णयांचे परिणाम चित्रपट कोणाच्या बाजूने अनुभवायला लावतो. असे निर्णय दोघांचे असतील तर मुख्य भूमिकाही दोन असू शकतात. ‘अमेडियस’मधील एफ. मरे अब्राहम आणि टॉम हल्स हे दोघेही मुख्य अभिनेत्याच्या विभागात होते, त्यांतील अब्राहम जिंकले, आणि हल्स यांना सहायकमध्ये ढकलण्याची चतुराई कोणी केली नाही म्हणून त्या नामांकनांना आजही कोणी नावे ठेवत नाही.

आपल्याकडे मात्र चूक वेगळ्या बाजूने होते. नायकाची पत्नी किंवा प्रेयसी ही आपोआप ‘नायिका’, आणि नायिका म्हणजे मुख्य भूमिका, अशी आपल्या श्रेयनामावल्यांनी लावलेली सवय आहे. रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’तील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-संस्थेचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तो मॉरीन स्टेपल्टन यांच्यासह विभागून. त्या चित्रपटात कस्तुरबांइतकी महत्त्वाची दुसरी स्त्री नाही, तरीही कथा गांधीजींच्या निर्णयांनी चालते. त्यामुळे तो विभाग योग्यच होता, आणि त्याने त्या अभिनयाचे मोल तसूभरही कमी झाले नाही. आपल्या वादातील अभिनेत्रीविषयीही हाच प्रश्न विचारून पाहावा. जे ठरेल ते नामांकनांची पहिली फेरी सुरू होण्यापूर्वी ठरावे, आणि एखाद्याने चुकीच्या विभागात नाव लिहिले तर ते मत बाद न करता ठरलेल्या विभागात धरावे, म्हणजे मतपत्रिका परत करण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न : एखादा चित्रपट महोत्सवात एका वर्षी दिसतो, चित्रपटगृहात दुसऱ्या वर्षी लागतो आणि आमच्या गावी तर मोबाइलवर तिसऱ्या वर्षी पोहोचतो. त्याला कोणत्या वर्षाचा मानावा? (एक वाचक, परभणी)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उदाहरण मराठीतच आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ सप्टेंबर 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, मार्च 2015 मध्ये त्याला 2014 या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, आणि सामान्य प्रेक्षकाला तो त्यानंतर एप्रिल 2015 मध्ये तिकीट काढून पाहता आला. त्याच वर्षी भारताने तो ऑस्करसाठी पाठवला. राष्ट्रीय पुरस्कारांत सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख पाहिली जाते, म्हणून तेथे तो 2014 चा. प्रदर्शनाची तारीख पाहिली तर 2015 चा. ‘श्वास’चेही असेच झाले. राष्ट्रीय पुरस्कारांच्या दफ्तरी तो 2003 चा आहे, आणि आपण तो चित्रपटगृहात पाहिला 2004 मध्ये.

ऑस्करचा मुख्य निकष महोत्सव नसून प्रदर्शन हा आहे. चाळीस मिनिटांहून मोठा चित्रपट अमेरिकेतील ठरावीक महानगरांपैकी एकात, व्यावसायिक चित्रपटगृहात, सलग सात दिवस चालला पाहिजे. पूर्वी हा मान एकट्या लॉस एंजेलिसचा होता, आणि त्यामुळे झालेल्या गमती आजही चर्चेत असतात. ‘कासाब्लांका’ न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर 1942 मध्ये झळकला, पण लॉस एंजेलिसला जानेवारी 1943 मध्ये पोहोचला, म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला 1943 चा म्हणून मिळाला. चार्ली चॅप्लिन यांच्या ‘लाइमलाइट’ची कथा तर अधिकच विलक्षण आहे. 1952 साली राजकीय विरोधामुळे अमेरिकेतील अनेक चित्रपटगृहांनी तो लावलाच नाही. लॉस एंजेलिसमध्ये तो 1972 मध्ये लागला, आणि वीस वर्षे जुन्या चित्रपटाच्या संगीताला 1973 च्या सोहळ्यात ऑस्कर मिळाले.

हौशी मंडळासाठी मी एकच निकष सुचवेन, तो म्हणजे भारतातील सर्वसामान्य प्रेक्षकाला चित्रपट पैसे देऊन कायदेशीरपणे प्रथम पाहता आला ती तारीख, मग ते चित्रपटगृह असो की घरचा पडदा. ताम्हाणे यांचाच ‘द डिसाइपल’ 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार घेऊन आला, पण आपल्याला तो एप्रिल 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर दिसला. या निकषाने तो निःशंकपणे 2021 चा ठरतो. महोत्सवाची तारीख धरली तर मुंबई-पुण्याच्या प्रतिनिधींनी पाहिलेल्या चित्रपटांना परभणीच्या सभासदाने न पाहताच मत द्यावे लागेल, किंवा ते हातचे सोडून द्यावे लागतील, आणि दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येणाऱ्या चित्रपटांसाठी मतदान जानेवारीअखेरपर्यंत उघडे ठेवावे, तारीख मात्र ओढूनताणून बदलू नये. निकष बदलायचा असेल तर तो पुढच्या वर्षापासून बदलावा. चालू वर्षात बदललेला निकष नेहमी कोणाच्या तरी आवडत्या चित्रपटासाठी बदललेला असतो.

प्रश्न : नाटकावरून वा कथेवरून केलेली पटकथा ‘रूपांतरित’ हे समजते. पण दिग्दर्शकाने स्वतःच्याच लघुपटावरून मोठा चित्रपट केला तर? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नेमक्या याच मुद्द्यावर ‘व्हिप्लॅश’चा वाद झाला. डेमियन शझेल यांनी पटकथा आधी लिहिली, तिच्यातील एका प्रसंगाचा लघुपट केवळ निधी उभा करण्यासाठी केला, आणि मग पूर्ण चित्रपट केला. अमेरिकी पटकथाकारांच्या संघटनेने ती स्वतंत्र मानली, तर अकादमीने आधी लघुपट दाखवला गेला या कारणाने ती रूपांतरित ठरवली. ‘मूनलाइट’च्या वेळी पुन्हा तेच झाले. तो ज्या नाटकावर आधारला होता ते कधी रंगमंचावर आलेच नव्हते, म्हणून संघटनेने त्याला स्वतंत्र म्हणून गौरवले आणि अकादमीने रूपांतरित म्हणून. 2023 च्या ‘बार्बी’विषयीही या दोन संस्थांचे एकमत झाले नाही.

मला येथे अकादमीची बाजू ‘व्हिप्लॅश’पुरती हास्यास्पद वाटते. लेखकाने स्वतःच्याच अप्रकाशित लेखनातून नमुना म्हणून काढलेला तुकडा हा आधार होऊ शकत नाही, तो त्याच कामाचा भाग असतो. ‘मूनलाइट’मध्ये मूळ नाटक दुसऱ्या लेखकाचे होते, तेव्हा ते रंगमंचावर आले की नाही हा प्रश्न गौण ठरतो. आपल्या मंडळाने एवढाच नियम करावा, की पात्रे, प्रसंग वा कथानक दुसऱ्याच्या लेखनातून, किंवा त्याच लेखकाच्या आधी प्रकाशित झालेल्या स्वतंत्र कृतीतून आले असेल, तर पटकथा रूपांतरित. पुढचे भाग अकादमी रूपांतरितमध्येच धरते, कारण पात्रे आधीची असतात. मराठीत ‘नटसम्राट’ किंवा ‘कट्यार काळजात घुसली’ यांच्याबाबत कोणाला शंका येणार नाही. वाद होतो तो चरित्रपटांबाबत. सार्वजनिक आयुष्याचा अभ्यास करून लिहिलेली पटकथा स्वतंत्र आणि एका विशिष्ट चरित्रग्रंथावरून लिहिलेली पटकथा रूपांतरित, एवढे ध्यानात ठेवले तर बहुतेक प्रकरणे मिटतात.

प्रश्न : न्यू जर्सीतील आमच्या मराठी गटात ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ असा विभाग आहे. त्यात मराठी चित्रपट धरावेत का, आणि तेथे आलेला चित्रपट मुख्य विभागात पुन्हा येऊ शकतो का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : ऑस्करमध्ये या विभागाची व्याख्या देश आणि भाषा या दोन्हींवर उभी आहे, चित्रपट अमेरिकेबाहेर निर्माण झालेला हवा आणि त्यातील बहुतांश संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत हवेत. 2019 मध्ये नायजेरियाने प्रथमच पाठवलेला ‘लायनहार्ट’ बहुतांश इंग्रजीत असल्यामुळे बाद झाला. ज्या देशाची राजभाषाच इंग्रजी आहे त्याच्या लोकांनी आपसांत कोणत्या भाषेत बोलावे हे अकादमीने ठरवावे का, असा रास्त आक्षेप तेव्हा घेतला गेला, आणि तोही त्याच वर्षी, ज्या वर्षी ‘परभाषिक’ हे नाव जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ हे नाव आले होते.

आपला गट मराठी असल्यामुळे आपल्यासाठी मराठी चित्रपट ‘परका’ नाही, इंग्रजी चित्रपटही आता परका राहिलेला नाही. त्यामुळे हा विभागच काढून टाकावा आणि मराठीसाठी स्वतंत्र विभाग ठेवावा, असे मला वाटते. दोन ठिकाणी नामांकन देण्यात काहीच चूक नाही. मात्र ते एकाच वर्षात द्यावे. फेलिनींच्या ‘अमरकॉर्द’ने एका वर्षी परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर जिंकले आणि पुढच्या वर्षी दिग्दर्शन व पटकथेची नामांकने मिळवली. ब्राझीलचा ‘सिटी ऑफ गॉड’ 2002 साठी पाठवला गेला तेव्हा त्याला नामांकनही मिळाले नाही, आणि अमेरिकेत प्रदर्शित झाल्यावर पुढच्या वर्षी दिग्दर्शनासह चार नामांकने मिळाली. चित्रपटावर उशिरा का होईना न्याय झाला म्हणून आनंद वाटतो, पण एकच चित्रपट दोन वर्षांच्या याद्यांत आला की हौशी मंडळाच्या नोंदवहीचा पार विचका होतो.

प्रश्न : आमच्याकडे सर्वाधिक मते मिळालेला चित्रपट जिंकतो, पण दरवर्षी निम्म्याहून अधिक सभासद नाराजच असतात. उपाय आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : उपाय आपल्या परिचयाचाच आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण जसे पसंतिक्रमाने मत देतो, जवळपास तशाच पद्धतीने अकादमी 2009 सालच्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपट निवडत आली आहे. समजा, आपल्या वीस सभासदांपैकी पहिल्या पसंतीची मते तीन चित्रपटांना अनुक्रमे आठ, सात आणि पाच अशी पडली. आजच्या पद्धतीने आठवाला जिंकतो, जरी बारा जणांना तो नको असला तरी. पसंतिक्रमाच्या पद्धतीत पाच मतांचा चित्रपट बाद करून त्या पाच मतपत्रिकांवरील दुसरी पसंती पाहावी. त्यांपैकी चार सातवाल्याकडे गेल्या आणि एक आठवाल्याकडे गेली, तर निकाल अकराविरुद्ध नऊ असा फिरतो आणि विजेत्याच्या पाठीशी खरोखरच निम्म्याहून अधिक मंडळ उभे राहते. मोजणीला अर्धा तास अधिक लागेल.

त्याहून मोठा दोष न पाहता मत देण्याचा आहे, आणि तो अकादमीतही होता. एप्रिल 2025 मध्ये तिने नियम केला, की अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे असेल तर त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. हजारो सभासदांच्या संस्थेला हे तपासणे अवघड आहे. वीस जणांच्या मंडळाला अवघड नाही, कारण कोणी काय पाहिले हे चहाच्या टेबलावरच कळते. नामांकने आणि अंतिम मतदान यांत तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवले तर उरलेले चित्रपट पाहायला सबब राहत नाही.

प्रश्न : ‘सर्वांत वाईट अभिनय’ असा गमतीचा पुरस्कार ठेवावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ठेवावा, पण लहान मुलांना त्यातून वगळावे. अमेरिकेतील रॅझी पुरस्कार 1981 मध्ये एका माणसाच्या दिवाणखान्यात अशीच गंमत म्हणून सुरू झाले. 2023 मध्ये त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीचे नाव यादीत घातले, त्यावर चहूकडून टीका झाल्यावर नामांकन मागे घेतले आणि अठरा वर्षांखालील कलाकारांचा विचार न करण्याचा नियम केला.

प्रश्न : निकाल जाहीर केल्यावर विजेता माहितीपट आदल्या वर्षीचा असल्याचे लक्षात आले. आता काय करावे? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : पुरस्कार मागे घ्यावा. 1969 मध्ये ‘यंग अमेरिकन्स’ या माहितीपटाला ऑस्कर दिल्यानंतर तो ऑक्टोबर 1967 मध्येच दाखवला गेल्याचे उघड झाले. 1968 च्या पुरस्कारासाठी तो अपात्र ठरला, पुतळा परत घेतला गेला आणि ‘जर्नी इंटू सेल्फ’ला विजेता जाहीर केले गेले. आपल्याकडे जपून ठेवलेल्या मतपत्रिका असतील तर अपात्र माहितीपट वगळून पुन्हा मोजणी करावी. नसतील तर त्या एका विभागाचे मतदान पुन्हा घ्यावे, आणि दुरुस्तीचे कारण निकालपत्रातच दोन ओळींत छापावे.